कुठं खोदायचं नाही

वही घेतलेला माणूस अंगणात येताना दिसला की ती आधी बाज उभी करायची. दोन्ही हातांनी उचलून भिंतीला टेकवायची, म्हणजे बसायला जागाच उरू नये. मग कंबरेवर हात ठेवून समोर उभी राहायची. आपण विचारत जायचं, घरात माणसं किती, पाणी कुठून आणता, शेती कुणाच्या नावावर. ती एका शब्दात उत्तर द्यायची आणि दोन उत्तरं झाली की म्हणायची, "झालं तुहं?"

तुमच्यापैकी कोणी खेड्यात काम करायला गेलं असेल, तर अशी एखादी बाई तुम्हालाही भेटली असेल. परत आल्यावर मित्रांमध्ये तिच्या नकला करून आपण हसतो. मीही हसलो. ती मला आवडत नव्हती. आता आवडते असंही म्हणणार नाही, कारण ते ऐकून तीच पहिल्यांदा थुंकली असती.

मी यवतमाळचा. वडील कचेरीत, काका कचेरीत, घरात संध्याकाळी बदल्या आणि बढत्या यांच्याच गप्पा. इंजिनिअरिंग झाल्यावर एक वर्ष खेड्यात काम करायचं असं मी ठरवलं आणि एका संस्थेत स्वयंसेवक म्हणून लागलो. त्यांनी मला घाटंजीच्या पलीकडे एका कोलाम पोडावर पाठवलं. पोड म्हणजे जंगलाच्या कडेची कोलाम आदिवासींची पंचवीस-तीस घरांची वस्ती. आमच्या घरापासून बसने दोन तासांवर. इतक्या जवळ असं गाव आहे हे मला तेविसाव्या वर्षापर्यंत माहीत नव्हतं, आणि ते गाव सुधारायला मीच निघालो होतो.

पहिल्या दिवशी मी तिला "आजी" म्हटलं.

"मी कधीपासून तुही आजी झाली?" ती म्हणाली. "कोण गावचा हाय?"

"यवतमाळचा."

"यवतमाळचा हाय तं असा पुस्तकावानी कायले बोलतं?"

मग शेजारच्या बायांकडे वळून कोलामीत काहीतरी म्हणाली. बाया तोंडाला पदर लावून हसल्या. ते वाक्य काय होतं हे मी नंतर अंगणवाडीच्या ताईंना विचारलं. त्या त्याच पोडावरच्या, शिकलेल्या, माझ्याशी नीट वागणाऱ्या. त्या म्हणाल्या, "जाऊ द्या ना सर, कायले इचारता."

पोडाच्या खाली एक नाला होता. त्याच्या पात्रात एका जागी बायांनी गुडघाभर खोल खड्डा करून दगड लावून घेतले होते. त्याला त्या झिरा म्हणायच्या. उपसला की तासाभरात पुन्हा भरायचा. भर उन्हाळ्यातही त्याला पाणी असायचं, आणि त्या पाण्याची मालकीण ही. खरं तर मालकी कुणाचीच नव्हती, पण आठवड्याला ती तो साफ करायची आणि पाळी तीच लावायची. उगाच थोर बाई म्हणून तिला रंगवणार नाही. धाकट्या सुनेशी तिचं पटत नसे, तर तिला ती मुद्दाम सगळ्यांच्या शेवटी उभी करायची. सून उन्हात पाण्याचा गुंड, म्हणजे हंडा, घेऊन तिष्ठत राहायची आणि ही बांधावर बसून पाय चोळायची.

आमच्या संस्थेला त्या नाल्याचं खोलीकरण करायचं होतं. नाला रुंद करायचा, खोल करायचा, म्हणजे पावसाचं पाणी साठेल, जिरेल, विहिरींना येईल. मी नकाशा काढला, चढउतार मोजले, एका फ्लेक्सवर रंगीत चित्र छापून आणलं. शाळेच्या ओट्यावर सभा घेतली. संस्थेचे प्रमुख आले होते, त्यांना आम्ही सर म्हणायचो. सर छान बोलले. मी चित्रावर काठी ठेवून समजावलं. सगळे माना हलवत होते. ती मागून उठली.

"तिथं खाली काया दगड हाय," ती म्हणाली. "त्या दगडावर पाणी बसून राह्यते. तुमी दगड फोडसान तं पाणी खाली निंघून जाईन. झिरा मरन."

मी हसून म्हटलं, "आजी, खोल केलं की पाणी वाढतं. कमी नाही होत."

"तू कधी पाह्यला तो दगड?"

"नकाशात सगळं आहे."

"नकाशातून पाणी पेतं का तू?"

लोक हसले. सरही हसले, पण सभा संपल्यावर मला बाजूला घेऊन म्हणाले, "प्रत्येक गावात एक असतंच. फार मनावर घ्यायचं नाही." मी नाही घेतलं. त्या संध्याकाळी ठराव लिहिताना मी लिहिलं, 'सर्वानुमते मंजूर'. तिचा अंगठा नव्हता. बाकीच्यांचे पुरेसे होते.

खोदायचं मशीन आलं तेव्हा दोन दिवस माती निघाली आणि तिसऱ्या दिवशी काळा दगड लागला. मशीनवाल्याने विचारलं, "फोडू का?" मी फोड म्हटलं. ती काठावर उभी होती. ओरडली नाही, आडवी आली नाही. दगडाचा पहिला तुकडा निघाला तेव्हा वळून घरी गेली.

पावसाळ्यात नाला काठोकाठ भरला. नारळ फुटला, फोटो निघाले, सरांनी माझ्या पाठीवर हात ठेवला. मी ते फोटो घरी पाठवले, वडिलांनी ते कचेरीत दाखवले. पोडावरची माणसं पाण्याकडे बघत उभी होती. ती तेवढी आली नाही. मला वाटलं, हरली म्हणून तोंड लपवते आहे. मला त्याचा आनंद झाला होता, हे आज सांगून टाकतो.

दिवाळीनंतर पाणी उतरायला लागलं. संक्रांतीला नाल्यात चिखल होता. होळीच्या आधीच तिथं भेगा पडल्या आणि झिरा कोरडा झाला. दगड लावलेल्या त्या खड्ड्यात हात घातला तर धूळ लागायची. बाया टेकाडापलीकडच्या एका शेतातल्या विहिरीवर जाऊ लागल्या. जायला-यायला तास लागायचा. तिच्या गुडघ्यांना तेवढं चालणं जमणार नव्हतं.

एका सकाळी मी राहत होतो त्या शाळेच्या खोलीचं दार वाजलं. उघडलं तर उंबऱ्यावर रिकामा गुंड आणि मागे ती.

"आण," ती म्हणाली.

"काय?"

"पाणी. दगड तूनं फोडला ना? आण मंग."

मी आणलं. दुसऱ्या दिवशी पुन्हा गुंड उंबऱ्यावर. एकदाच आणून सुटका होईल अशा भ्रमात मी होतो. खांद्यावर गुंड ठेवून टेकाड उतरताना निम्मं पाणी अंगावर यायचं. ती आपल्या दारात उभी राहून गुंडात डोकावून बघायची.

"अर्धं तं तुह्या पँटनंच पेलं," म्हणायची. "चाल, अजून एक खेप."

बाया वाटेत मला बघून हसायच्या, मग हसायच्या थांबल्या, मग बोलायला लागल्या. कुठल्या वळणावर सावली आहे, विहीरवाला कोणत्या वेळी कुरकुर करतो, दिवस गेलेली बाई कुठपर्यंत येऊ शकते आणि कुठं बसून घेते. वर्षभर वही घेऊन फिरूनही यातलं काही माझ्याकडे आलं नव्हतं. माझ्या अहवालात 'पाण्याची उपलब्धता' असा एक रकाना होता. तो मी भरला होता. त्या उन्हाळ्यात तो रकाना माझ्या डाव्या खांद्यावर उतरला, आणि खांद्याची सालं निघाली.

ती मात्र एका शब्दाने निवळली नाही. पाणी ओतून घ्यायची, गुंड पालथा करून माझ्या हातात द्यायची आणि म्हणायची, "झालं तुहं? ऊठ."

त्याच उन्हाळ्यात काम बघायला बाहेरून पाहुणे येणार होते. सरांनी फोन करून सांगितलं, पावसाळ्यातले फोटो मोठे करून लाव, ठरावाची वही काढून ठेव, लोकसहभाग दाखवायचा आहे. पाहुणे नाल्याकडे न जाता शाळेच्याच ओट्यावर बसतील असंही ठरलं होतं. मी फोटो लावले. होय, लावले.

पाहुणे चहा घेत होते तेव्हा ती आली. सरळ टेबलाजवळ गेली, ठरावाची वही उचलली आणि अंगणवाडीच्या ताईंच्या हातात दिली. "वाच."

ताईंनी माझ्याकडे पाहिलं. मग हळू आवाजात वाचलं. शेवटी आलं, 'सर्वानुमते मंजूर'.

"म्हंजे काय?"

"सगळ्यायच्या मतानं," ताई म्हणाल्या.

"सगळ्यायच्या?" ती माझ्याकडे वळली. "मंग मी त्या दिवशी मेलती का?"

 एका पाहुण्याने कप बशीत ठेवला. सर म्हणाले, "आजी, आपण नंतर बोलू." ती सरांकडे बघतही नव्हती.

"तुले इचारून राह्यली मी. मेलती का?"

"नाही," मी म्हटलं. "तुम्ही विरोध केला होता. मी तो लिहिला नाही." आणि मग पाहुण्यांना म्हटलं, "हे फोटो पावसाळ्यातले आहेत. नाला इथून दोनशे पावलांवर आहे. चला, दाखवतो."

पाहुणे आले, बघितलं, गाडीत बसून गेले. सरांनी मला आपल्या गाडीजवळ बोलावलं. "तुला हिरो व्हायचं होतं का?" असं विचारलं, आणि उद्यापासून येऊ नकोस म्हणून सांगितलं. महिन्याभरात संस्थेने त्या पोडावरचं काम बंद केलं आणि दुसरं गाव घेतलं. मला वाटलं होतं, निदान आता ती एखादा बरा शब्द बोलेल. दुसऱ्या दिवशी उंबऱ्यावर गुंड होता.

मी पाऊस लागेपर्यंत तिथंच राहिलो. ताईंनी जेवायला घातलं. वैशाखात एके दिवशी गुंडाबरोबर सब्बल, म्हणजे पहार, आली. तिने मला नाल्याच्या वरच्या अंगाला नेलं, फोडलेल्या दगडाच्याही वर. स्वतः काठावर बसली आणि बोट दाखवलं. "इथं मार."

मारलं. दिवसभर खोदलं, कोरडं. दुसरी जागा, तीही कोरडी. मी चिडून सब्बल टाकली. "तुम्हालाही कळत नाही मग!"

"नाही कळत," ती म्हणाली. "म्हनून दोनदा सब्बल मारली, मशीन नाही आनलं. उचल."

तिसऱ्या जागी कमरेएवढ्या खड्ड्यात माती ओली लागली. सकाळपर्यंत ओंजळभर पाणी आलं. ती काठी टेकत खाली उतरली, चूळ भरली, गाळ थुंकला. धाकट्या सुनेला हाक मारून पहिला गुंड तिला भरायला लावला. का, ते विचारायची माझी हिंमत झाली नाही. जुन्या झिऱ्याची सर त्याला नव्हती. दोन-चार घरांपुरतं पाणी. पण वर चढताना तिने मला त्या नाल्यातल्या जागा एकेक करून दाखवल्या, कुठं दगड आहे, कुठं नुसती वाळू, कुठं हात लावायचा नाही. निघताना मी पाया पडायला वाकलो तर ती बाजूला सरकली.

यवतमाळला परतल्यावर मी एका ठेकेदाराकडे पाणीयोजनांचे नकाशे काढायची नोकरी धरली. चार वर्षं गेली. एकदा घाटंजीच्या बाजारात ती बांबूच्या टोपल्या घेऊन बसलेली दिसली. मी समोर जाऊन म्हटलं, "ओळखलं का?" ती "वयखलं" म्हणाली आणि माझ्या मागच्या गिऱ्हाइकाला बोलावू लागली.

यंदा उन्हाळ्याच्या तोंडाशी एका तरुण इंजिनिअर बाईचा फोन आला. त्यांना त्याच नाल्यावर काम करायचं होतं. "तिथल्या एका आजींनी अंगणवाडीच्या ताईंना तुमचा नंबर द्यायला लावला," त्या म्हणाल्या. "म्हणाल्या, त्या यवतमाळच्याले बलावा. कुठं खोदाचं नाही ते त्याले मालूम हाय."

मी रविवारी गेलो. ताई रस्त्यावरच भेटल्या. म्हणाल्या, "बुढी गेली सर, मंगळवारी. महिनाभर बाजेवरच होती. फोन लावा, फोन लावा, करून राह्यलती."

नाल्यात मशीन उभं होतं. मी इंजिनिअर बाईंना जागा दाखवत गेलो आणि त्या भराभर लिहून घेत गेल्या. एकदाही त्यांनी 'कशावरून' असं विचारलं नाही. काठावर बाया उभ्या होत्या. मी त्यांना विचारलं, बरोबर आहे ना? त्या म्हणाल्या, "तुमी सांगसान तसं."

पहिल्या वर्षी हे वाक्य ऐकायला मी जिवाचं रान केलं असतं. आता ते ऐकलं आणि मी मशीनवाल्याला थांब म्हटलं. बायांना म्हटलं, "मी मागे चुकलो होतो, तुम्हाला ठाऊक आहे. आजही चुकत असेन. कोणीतरी भांडा माझ्याशी."

 मग धाकट्या सुनेने डोक्यावरचा गुंड खाली ठेवला.

"ते कडेचं चुकून राह्यलं तुमचं," ती म्हणाली. "वाळू तिकडं नाही, अलीकडं हाय. अन् त्या पळसाच्या बुडाशी तं तुमी पाह्यलंच नाही."

ती नाल्यात उतरली आणि चपलेच्या टाचेने एक रेघ ओढली. इंजिनिअर बाईंनी लिहिलेल्या पानावर काट मारली. मशीनवाला बिडी पेटवून सावलीला जाऊन बसला. सून अजून बोलतच होती.