पेशींची साफसफाई आणि आमची फजिती

आमच्या कोलशेतच्या लॅबमध्ये रिझल्ट कधीतरी येतात, किस्से मात्र रोज! चहाला बसलो की एकाचा संपायच्या आत दुसऱ्याला आठवतो, आणि मॅडमनी हाक मारेपर्यंत कोणी उठत नाही.

आम्ही करतो काय, ते आधी सांगते. स्वादुपिंडात इन्सुलिन बनवणाऱ्या पेशी असतात. आपल्याच आतला मोडकातोडका माल त्या खाऊन टाकतात. याला म्हणतात ऑटोफॅजी. ही साफसफाई बिघडली की पेशी थकतात, इन्सुलिन कमी पडतं. ती का बिघडते, ते आम्ही शोधतोय.

कोपर गावातल्या माझ्या घरी आईला हे सगळं समजावलं. तिने शांतपणे ऐकलं, माझ्या खोलीत डोकावली आणि म्हणाली, "एवढीशी पेशी स्वतःचा कचरा स्वतः काढते. आणि तू?"

*

आमच्या सुमेधा मॅडमचं डोंबिवलीत ज्येष्ठ नागरिकांपुढे भाषण होतं. त्या म्हणाल्या, "उपाशी राहिलं की बऱ्याच पेशींमध्ये साफसफाई वाढते. पण गोळ्या चालू असतील तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय उपास नको हं!"

पहिल्या रांगेतले आजोबा उठले. "उपासाला साबुदाण्याची खिचडी चालेल ना?"

"आजोबा, खिचडी खाल्लीत तर पेशींना उपास आहे हे कळणारच नाही!"

"त्यांना कशाला कळायला हवं? देवाला कळलं की झालं!"

पुढची स्लाइड कोणी बघितलीच नाही.

*

शहाडचा निलेश माझ्या शेजारच्या टेबलावर काम करतो. पेशींना तो 'पोरं' म्हणतो. त्यांना उपाशी ठेवायचा प्रयोग असला की हा लॅबबाहेर जाऊन, दाराकडे पाठ फिरवून डबा खातो.

"अरे, पेशींना डोळे नसतात!" मी म्हटलं.

"मला आहेत ना!"

*

हाच निलेश एका रविवारी कल्याणला मुलगी बघायला गेलेला. इकडे लॅबमध्ये मी एकटी, आणि लाइट गेली! जनरेटर सुरू होईना. पेशींचं उबदार कपाट, म्हणजे इन्क्युबेटर, कसाबसा इन्व्हर्टरवर चाललेला. आत पेशींना लागणारा कार्बन डायऑक्साइड गॅस, आणि निलेशची कित्येक महिन्यांची मेहनत. घाबरून त्याला फोन केला.

तो तिथे पोह्यांची बशी हातात घेऊन ओरडला, "पोरं आत आहेत ना? मग दार अजिबात उघडू नकोस! आणि गॅस चालू आहे का बघ!"

मुलीच्या वडिलांचा चमचा हवेतच राहिला. "कोणाची पोरं?"

"मॅडमची! मी सांभाळतो."

"किती आहेत?"

"लाखो!"

मुलगी, ऋतुजा, हसून हसून लाल. निलेशने कसंबसं सगळं सांगितलं, तशी तिने स्कूटरची किल्ली उचलली. "मग इथे पोहे काय खाताय? चला!"

दोघं धापा टाकत लॅबमध्ये शिरले आणि तेवढ्यात जनरेटर सुरू झाला. मायक्रोस्कोपखाली प्लेट मीच ठेवली. साफसफाई चालू असली की आमच्या पेशींमध्ये हिरवे ठिपके चमकतात. चमकत होते! निलेश मटकन खुर्चीत बसला, डोळे पुसत.

ऋतुजा मायक्रोस्कोपला डोळे लावून बघतच राहिली. तेवढ्यात तिच्या वडिलांचा फोन आला. तिने स्पीकरवर टाकला.

"काय गं, पोरं ठीक आहेत ना?"

"एकदम मजेत, बाबा! स्वतःलाच खातायत!"