फाट्यावरचा उखाना

मला लिवता येत न्हाई, मी सांगतीया अन् नात लिहून घेतीया. मालक गेलं त्याला महिना होऊन गेला. सकाळी चहा घेऊन गेले तर भिंतीकडं तोंड करून निजलेलं… हाक मारली, हलवलं, मग समजलं. डाक्टर आलं, बघितलं, अन् मला ईचारलं, "आजी, यांचं नाव काय?" मी नातीकडं बघितलं. नात म्हनली, "आजी नाव घेत न्हाई." डाक्टर तरनं पोरगं, त्याला काय ठावं. आमच्या वक्ताला बाईनं नवऱ्याचं नाव घ्यायचं तर उखान्यातच, तेबी लग्नात न्हाईतर हळदीकुंकवाला. मी मात्र एकदा भर रस्त्यात घेतलंय.

आमी वराळ्याचं. दोन म्हशी अन् मालकांच्या खांद्यावर कावड, बांबूच्या दांडीला दोन्हीकडं दुधाच्या किटल्या. पहाटं चालत तळेगावला जायाचं, रतीब घालायचं, उन्हं वर आली की परत. खांद्यावर लिंबाएवढी गाठ आलती. पावसाळ्यात तितलं कातडं सोलून निघायचं. मी हळद-तेल लावायची, तर म्हनायचं, "जरा जोरात चोळ, मी काय म्हस हाये लाथ मारायला?" थोरलं पोरगं तापानं गेलं एका सालात. रडाय बसलो न्हाई. सांज झाली की म्हशी हंबरत्यात, धार काढायलाच लागती…

तवाच, सत्तर सालाच्या आगंमागं, तळेगावच्या तालमीतल्या पोरांनी अन् लोनावळ्याच्या बंगलेवाल्यांनी मिळून एक शर्यत काढली. तुंगार्लीचं तळं पोहून पार करायचं, तितनं सायकल मारत तळेगावला यायचं, अन् सायकल टाकली की पळत डोंगरावरच्या देवळाला शिवून शाळंच्या मैदानात. तिन्ही एका दमात. पयल्या नंबराला नवी कोरी सायकल. मालकांनी ऐकलं, कावड खाली ठेवली अन् म्हनलं, "मागं कॅरेज असतंय. दोन्ही किटल्या बसत्यात." बास, तेवढंच बोललं. मी त्या खांद्याकडं बघितलं अन् म्हनलं, "जावा."

पोहायला ते इंद्रायनीत शिकलं, म्हशीचं शेपूट धरून. सायकल एका गिऱ्हाइकानं दिली शर्यतीपुरती. पळनं-चालनं तर रोजचंच. तळ्यावर बाकीचे चड्ड्या-टोप्या घालून आलते, मालक लंगोटावर. एकजन म्हनला, "काका, म्हशी कुटं सोडल्या?" मालक म्हनलं, "मागनं येत्यात, तुमाला वडून काढायला." पान्यातनं सगळ्यांच्या आधी तेच बाहीर आलं. सायकलीवर पुन्याचं एक कालेजातलं पोरगं पुढं निघालं, पन डोंगर चढताना मालकांनी त्याला मागं टाकलं. हे समदं त्यांनी मागनं सांगितलं, दर दिवाळीला, अन् दर दिवाळीला तळं जरा मोठं व्हायचं.

त्या दिसाचा रतीब मी घातला. रिकाम्या किटल्या घेऊन फाट्यावर उंबराखाली उभी राह्यले. तितनं डावीकडं वराळं, उजवीकडं शाळंचं मैदान. झेंडी दाखवायला ठेवलेला मानूस पान खायाला गेलता. लांबनं मालक दिसलं, एकटंच पुढं, खाली मान घालून पळत हुतं. फाट्याला आलं… अन् पाय वळलं डावीकडं. रोजची घरची वाट ना ती. मी वरडले, "अवं, थांबा!" तर बैलगाडीवाला थांबला, न्हाव्यानं वस्तरा तसाच धरला, दोन म्हातारे वळून बघाय लागले. रस्त्यात सगळेच 'अवं', थांबलं न्हाई ते माझंच. नाव घ्यावं तर जीभ उचलंना, न घ्यावं तर सायकल चालली हातची. मग काय झालं देवाला ठावं, तोंडातनं उखानाच पडला:

"उंबराच्या फळाला पाखरांनी यावं,
दगडूरावांनी उजव्या अंगाला जावं."

सारा रस्ता हसाय लागला. मालक थबकलं. माघारी फाट्यावर आलं, अन् पळायचं सोडून माझ्यापुढं उभं राह्यलं. छातीचा भाता चाललेला, अंगावर धूळ, अन् तोंडभर हसू. बायकोनं उखाना घेतला की नवऱ्यानंबी घ्यायचा, ही रीत. कमरंवर हात ठेवून म्हनलं:

"खांद्यावर कावड, कावडीत दूध,
हिराच्या पायी मला न्हाई सुद."

"अवं, पळा की," म्या म्हनलं. तवर कालेजाचं पोरगं शेजारनं निघून गेलं हुतं.

दुसरा नंबर आला. बक्षीस काय, तर पितळंची किटली. म्हंजी खांद्यावर वजनच वाढलं. घरी येताना मी फुगलेली. म्हनलं, "हातची सायकल घालवली. नाव घरी येऊन घ्यायचं की."

मालक म्हनलं, "तू भर रस्त्यात घेतलंस. म्या घरात येऊन घ्यायचं व्हय?"

पुढं वराळं येईस्तवर मी पदर तोंडाला लावून हसत हुते.

सायकल लय सालांनी आली, तीबी जुनी. तवर कावडच. पन दुसऱ्या दिसापासनं कावड उचलताना मालक तो उखाना म्हनायचं. कावड सुटली तरी उखाना सुटला न्हाई, चहाचा कप हातात घेताना म्हनायचं. शेजारची भामा म्हनायची, "हिरे, तुझ्या नवऱ्याला चळ लागलाय." मी म्हनायची, "लागू दे."

आता मला आई म्हनत्यात, आजी म्हनत्यात, मावशी म्हनत्यात. हिरा म्हननारं घरात कुनी राह्यलं न्हाई. कावडीची दांडी परसात दोन मेढींवर टाकलीया, तिच्यावर धुनं वाळतंय. सकाळी तिच्यावर लुगडं टाकताना मीच म्हंते, त्यांच्यावानी कमरंवर हात ठेवून… 'हिराच्या पायी मला न्हाई सुद.' अन् हसू येतंय. नात आतनं ईचारती, "आजी, काय झालं?" म्हंते, "काय न्हाई. चहा टाक."