एका झाडाचा कापूस

जुन्नरहून निघताना आईने एकच काम सांगितले होते, यमूला घेऊन ये. आईच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरला आहे. पावसाळ्यापर्यंत तिला माणूस ओळखू येई, आता जवळ आल्याशिवाय चेहरा कळत नाही. "पुरता अंधार व्हायच्या आत पोरीचं तोंड बघू दे," ती म्हणाली. यमू माझी धाकटी बहीण. आमचे वडील बैलांच्या व्यापारासाठी वऱ्हाडात जात आणि तिकडच्या एका स्नेह्याला शब्द देऊन बसले, म्हणून पोरगी दर्यापुराजवळच्या खेड्यात गेली. लग्नानंतर ती जेमतेम दोनदा माहेरी आली असेल.

रूळ जिथवर पोचले आहेत तिथवर आगगाडीने गेलो आणि पुढे रहीमभाई नावाच्या गाडीवानाची बैलगाडी केली. अमेरिकेत लढाई जुंपल्यापासून इथल्या कापसाला सोन्याची किंमत आली आहे. समोरून कापसाच्या गाड्या एकीमागे एक अशा येत की आम्हाला वाट मिळेना. बैलांच्या शिंगांना पितळी शेंब्या, गळ्यात नव्या घुंगरमाळा, आणि गाडीवानांचा रुबाब तर विचारूच नका. एका ओढ्याच्या काठी गाडी बाजूला लावून आम्ही अख्खा दिवस बसून काढला. मी चिडचिड करू लागलो. रहीमभाई चिलीम भरत म्हणाला, "मास्तर, कावून तरफडून राहिले? पयले कापूस जाईन, मंग माणूस. औंदा असंच हाय."

पुढचा मुलूख सपाट आणि काळाभोर. उत्तरेला गाविलगडच्या डोंगरांची निळी रेघ दिसते, बाकी नजर पोचेल तिथवर पांढरी फुटलेली बोंडे. तहान लागली म्हणून एका विहिरीचे पाणी मी रहीमभाईने अडवायच्या आत घटाघटा प्यालो. ते चक्क खारट निघाले. या पट्ट्यातल्या विहिरी अशाच, प्यायचे पाणी नदीवरून आणतात. माझे तोंड पाहून तो इतका हसला की मलाही हसावे लागले.

दुपारी गाव आले. यमूच्या घरात चिटपाखरू नव्हते, नुसता आढ्याला टेकलेला, भाव आणखी चढेल म्हणून राखलेला गेल्या सालचा कापूस. सारे गाव शेतात होते, म्हणून मीही शेतात गेलो. धुऱ्यावर (बांधावर) बायका जमल्या होत्या. कपाशीच्या एका झाडाच्या बुडाशी खडे मांडून दहीभाताचा नैवेद्य दाखवला होता आणि नव्या कापसाचा हाताने ओढलेला दोरा एक बाई त्या झाडाभोवती गुंडाळत होती. पहिल्या वेचणीच्या या पूजेला इकडे सीतादही म्हणतात. बाई वळली तर ती आमची यमू.

"दादा! तू कावून आला? माय बरी हाय ना?"

जुन्नरची पोर अशी वऱ्हाडी बोलताना ऐकून मला हसू आले, आणि डोळेही भरून आले.

मी आईचे सांगितले तशी तिचा चेहरा उतरला. या घरची रीत अशी की ज्या हाताने पहिली बोंडे वेचली त्याच हाताने शेवटची वेचायची, आणि मधल्या दिवसांत त्या बाईने गावची शीव ओलांडायची नाही. हा मान आजवर यमूच्या सासूचा होता. सासूने तो आज पहिल्यांदा सुनेला दिला होता.

"काल आला असता तं चाललं असतं, दादा," ती म्हणाली. "आता शिमग्यापर्यंत निंगता येत नाई."

शिमग्यापर्यंत आईचे डोळे टिकणार नव्हते. ओढ्याकाठी बसून काढलेला तो दिवस माझ्या मनातून हलेना.

यमूच्या सासूला सगळे मोठीमाय म्हणतात. धिप्पाड बाई, आणि बोलणे तोडून टाकल्यासारखे. माझे सगळे ऐकून घेऊन तिने "पावणे, जेवा आंधी" एवढेच म्हटले. गोवऱ्यांच्या विस्तवावर भाजलेले रोडगे (कणकेचे गोळे), वांग्याची झणझणीत भाजी आणि तुरीचे वरण. नाकातून पाणी आले तरी मी तिसरा रोडगा घेतला. ती समोर बसून वाढत राहिली, पण हो किंवा नाही म्हणाली नाही.

दुसऱ्या दिवशी यमूचा नवरा किसनराव मला लासूरचे देऊळ दाखवायला घेऊन गेला. काळ्या दगडाचे महादेवाचे देऊळ, मंडपाला मध्ये छत नाही, वर बघावे तर आभाळ. मी महादेवापुढे हात जोडून मोठीमायचे मन वळू दे म्हणून मागितले. त्या नादात कोरीवकाम नीट पाहिले नाही, वाचकांनी सांभाळून घ्यावे.

तिसऱ्या सकाळी मोठीमाय आम्हाला शेताच्या पार दुसऱ्या टोकाला घेऊन गेली. शेवटच्या ओळीतल्या शेवटच्या झाडापाशी थांबली.

"यमुने, वेच."

यमूने फुटलेली बोंडे वेचली.

"मिटलेलेबी तोड."

तीही तोडून झाली. मग मोठीमायने ते झाड दोन्ही हातांनी बुडाशी धरले आणि मुळासकट उपटले. "झाली तुही शेवटची वेचनी," ती म्हणाली. "पयलं बोंड तुनंच वेचलं, शेवटचंबी तुनंच. मंधातलं आमी पाहून घेऊ."

शेजारच्या ओळीतली एक बाई म्हणाली, "असं चालते काय वो?"

"माह्या सासूनं मले हे रीत सांगतली, तवा मी थांबली," मोठीमाय म्हणाली. "मायचं तोंड पाह्याचं राहूनच गेलं."

मोठीमायने त्या झाडाचा कापूस फडक्यात बांधून माझ्या हाती दिला. "इहीनबाईले द्या. वाती करा म्हना. वाती झाल्या का पोरगी धाडून द्या, औंदा कापूस लय हाय."

घरी पोचलो तेव्हा आईने यमूला उन्हात उभे केले, तिचे तोंड दोन्ही हातांत धरले आणि अगदी जवळून पाहत राहिली. "नाक तसंच आहे," म्हणाली. बोंडांच्या टोकांनी चिरलेली तिची बोटे आईने किती तरी वेळ कुरवाळली.

आईचा हात मोठा चलाख. बोलता बोलता मूठभर कापसाच्या वाती वळून होतात. पण या खेपेला ती रोज सकाळी पुरचुंडी सोडे, एक वात वळी आणि पुन्हा गाठ मारून ठेवी. "डोळ्यांना दिसत नाही रे," म्हणे. आम्ही दोघेही हो म्हणायचो.

काल जेवताना यमूने तिला मोठीमायची हकीकत सांगितली. आज सकाळी आईने सगळा कापूस मांडीवर घेतला आणि मला म्हणाली, "गाडीचं बघून ठेव. बाई तिकडे एकटी वेचत असेल."

संध्याकाळी वातींचा ढीग यमूच्या पुढ्यात ठेवला. आईच्या मुठीत मात्र एवढासा पुंजका होता. मी हात पुढे केला, तर तिने मूठ मिटून घेतली.

"ही एक राहू दे," म्हणाली. "उद्या वळते."