दिनूचे दहा आकडे

दिनू गेल्याचा फोन आला तेव्हा मी ऑपरेशन आटोपून हात धूत होतो. पलीकडून सुनंदावहिनी एवढंच म्हणाल्या, "भाऊजी, हे गेले. शेडमधीच गेले." खुर्चीत बसल्याबसल्या त्याचं हृदय थांबलं होतं. अशा वेळी माणसाला रडू येतं, मला राग आला. समोरच्या टेबलावर काम अर्धवट टाकून हा निघून गेलाच कसा? आज दीड महिना झाला, राग काही उतरलेला नाही. तेव्हा या लेखात चिडचिड दिसली तर वाचकांनी सांभाळून घ्यावं.

दिनू म्हणजे दिनकर, माझा मावसभाऊ, घनसावंगीचा. आम्ही एका वर्गात शिकलो. मी सर्जन होऊन जालन्यात दवाखाना काढला, तो इंजिनिअर होऊन पुण्याला चांगल्या पगारावर लागला. एकदा जेवताना मी त्याला आमच्या एका परदेशी हत्याराबद्दल सांगितलं. बारीक धातूची दांडी, कानाला ऐकू येणार नाही इतक्या वेगानं थरथरते. तिच्या पकडीत रक्तवाहिनी धरली की ती कापली जाते आणि कापतानाच तिचं तोंडही बंद होतं, टाका घालावा लागत नाही. असलं काही आपल्याकडं का होत नाही, असं मी सहज म्हणालो आणि वरणाची वाटी पुढं ओढली. मी विसरलो. यानं सहा महिन्यांत नोकरी सोडली आणि जालन्याच्या औद्योगिक वसाहतीत पत्र्याची शेड भाड्यानं घेतली.

मग सुरू झालं ते. थरथरणाऱ्या दांडीवर काही जागा स्थिर राहतात, तिथंच रबरी कडं बसवायचं असतं. त्या जागा शोधायला हा दांडीवर वहिनींच्या डब्यातली हळद भुरभुरवायचा आणि ती कुठं गोळा होते ते बघायचा. त्यांच्या घरात कधी अंड्याचं टरफलसुद्धा आलं नव्हतं, आणि हा दर रविवारी रशीदभाईंच्या दुकानातून बकऱ्याची आतडी आणि रक्तवाहिन्या आणायचा. इंजिनिअरसाहेबांचा माल म्हणून रशीदभाई वेगळी पिशवी ठेवत. ओट्यावर ती पिशवी दिसली त्या दिवशी वहिनींनी शेडमध्ये वेगळा फ्रीज घ्यायला लावला. गावाकडं दिनू बिघडला, खायला लागला, अशी बोलवा झाली. तो खुलासा करायचा नाही. खुलासे मी करत फिरायचो, लग्नकार्यात, ताटावर बसून.

तीन वर्षांत हत्यार तयार झालं. खरंच झालं. कापायचं सुरेख, आणि बंद केलेल्या वाहिनीत पंपानं पाणी दाबलं तरी तोंड उघडायचं नाही. मी खूश झालो. शेडमध्ये जाऊन बकऱ्याच्या आतड्यावरची एक वाहिनी कापली, आणि सवयीनं त्याच टोकानं शेजारचं आतडं बाजूला सारलं. आतड्यावर भाजल्याचा पांढरा डाग उठला; जिवंत माणसात अशा जागी पुढं भोक पडू शकतं. कापल्यानंतर ते टोक काही वेळ सणकून तापलेलं असतं, हे सगळ्या सर्जनना ठाऊक असतं. बाहेरच्या हत्यारांचंही तसंच असतं. कापल्यावर थोडं थांबायचं, एवढीच गोष्ट.

पण दिनूनं तो डाग पाहिला आणि तिथंच सगळं अडकलं. पुढची दोन वर्षं तो टोक थंड करत बसला. दांडी आतून पोकळ करून पाणी खेळवलं, तर दांडीला तडा गेला. टोक बारीक केलं, तर थरथर बिघडली. प्रत्येक कापणीनंतर तो आकडे मोजायचा आणि टोक स्वतःच्या डाव्या मनगटाला लावून बघायचा. आठला लावलं तर चटका बसायचा, दहाला सोसायचं. मनगटावर डागांची रांग झाली होती. मी मलम द्यायचो आणि शिव्या द्यायचो. दरम्यान पुण्याची एक कंपनी आहे तसं हत्यार घ्यायला तयार झाली. यानं नाही म्हणून कळवलं. मला विचारलंसुद्धा नाही.

ते कळलं त्या दिवशी मी तडक शेडवर गेलो. वाट्टेल ते बोललो. पाच वर्षं मातीत घातलीस, वहिनींकडं तरी बघायचं होतंस, असंही बोललो. तो हळदीचा डबा पुसत होता.

"सुऱ्या, खरं सांग. कापल्यावर तू दहापर्यंत थांबतो का?"

"थांबतो."

"न्हाई थांबत. खोटं बोलून राह्यला तू." मग हसला. "जाऊ दे... च्या घेतो का?"

मी चहा न घेता निघालो. तीच आमची शेवटची भेट. त्यानंतर पंधरा दिवसांनी वहिनींचा फोन आला.

दिवसकार्य झाल्यावर वहिनींनी त्याची वही माझ्या हातात दिली. भाऊजी, यात तुमचंच नाव हाये सगळीकडं, म्हणाल्या. मला वाटलं, मी केलेल्या सूचना असतील. उघडली तर प्रत्येक पानावर एक रकाना होता. सुऱ्या, दोन. सुऱ्या, एक. सुऱ्या, तीन. मी शेडमध्ये जितक्या वेळा हत्यार हातात घेतलं, तितक्या वेळा कापल्यावर माझा हात किती आकडे थांबला, ते त्यानं मोजून ठेवलं होतं. तीनच्या पुढं मी एकदाही गेलो नव्हतो. शेवटच्या पानावर त्याच्या गिचमिड अक्षरात लिहिलं होतं, 'टोक तीनच्या आत थंड झालं पाहिजे. सुऱ्या थांबत न्हाई.'

मूर्ख माणूस. एकदा ही वही माझ्या तोंडावर मारली असती तर काय बिघडलं असतं? मी चिडलो असतो, चार दिवस बोललो नसतो, पण पाचव्या दिवशी मोजायला लागलो असतो.

आता मोजतो. मागच्या महिन्यात एका बाईंचं पित्ताशय काढताना आतडं अगदी लगटून होतं. आमच्या त्या परदेशी हत्यारानं कापलं, आणि हात सवयीनं पुढं निघाला... आणि थांबला. सिस्टरनं विचारलं, सर, काही झालं का? मी मानेनंच नाही म्हणालो आणि मोजत राहिलो. आता तीही माझ्याबरोबर मोजते. दहा झाले की म्हणते, "झाले, सर," आणि मगच माझा हात हलतो.

मी आधीपासून असा थांबत असतो, तर दिनूचं हत्यार दोन वर्षांपूर्वीच पूर्ण झालं असतं.