फळ्यावरची जागा

विश्राम केळुसकर वसईला राहायला आला तो १९७९च्या दिवाळीनंतर. गिरगावातल्या एका छापखान्यात तो वीस वर्षं अक्षरांचे खिळे जुळवत होता. चाळीतली खोली भावाला सोडून त्याने गावाच्या कडेला, केळीची वाडी मोडून बांधलेल्या दुमजली इमारतीत दोन खोल्या घेतल्या होत्या. बायको शेवंती आणि तो, एवढीच माणसं. मूल नव्हतं. इमारतीत आणखी सात बिऱ्हाडं होती, सगळी मुंबईहून आलेली, आणि गावातली माणसं त्या सगळ्यांना मिळून 'बिल्डिंगवाले' म्हणत. नाव विचारायची गरज कुणाला वाटत नसे.

गावात शिरायच्या वळणावर बंद पडलेली भाताची गिरणी होती. तिच्या रस्त्याकडच्या भिंतीवर गावाने सिमेंटचा मोठा चौकोन करून काळा रंग दिला होता. हा गावाचा फळा. खाली कोनाड्यात खडूंचा डबा आणि एक फडकं. कुणाच्या घरी कोण आजारी आहे, चर्चमध्ये मिस्साची प्रार्थना किती वाजता, टँकर कधी येणार, कुणाची शेळी सुटली, कुणाला आखातातून पत्र आलं, सगळं त्यावर लिहिलेलं असे. फळ्याचा मालक कुणी नव्हता. ज्याला वाटे तो लिही, ज्याला वाटे तो पुशी. विश्रामला तरी पहिल्या महिन्यात तसंच वाटलं.

त्याचा अर्धा जन्म शुद्धलेखनात गेलेला. सकाळी कामाला निघताना तो फळ्यापाशी थांबे आणि त्याला चुका टोचत. एकदा तिथे लिहिलं होतं, 'उद्या पानी येनार नाय.' त्याने इकडेतिकडे पाहिलं, खडू उचलला, 'पानी'चं 'पाणी' केलं, 'येनार'चं 'येणार' केलं, 'नाय' खोडून 'नाही' लिहिलं आणि समाधानाने स्टेशनकडे गेला. संध्याकाळी परत आला तर ओळ पुन्हा जशीच्या तशी होती. दुसऱ्या दिवशी त्याने इमारतीसमोर साठणाऱ्या सांडपाण्याबद्दल ठळक अक्षरांत चार ओळी लिहिल्या. त्या दुपारपर्यंत पुसल्या गेल्या. तिसऱ्या दिवशी पुन्हा लिहिल्या, पुन्हा गेल्या. असं आठवडाभर चाललं. शेवटी एका रविवारी तो लिहीत असतानाच गिरणीमागच्या वाडीतून प्लासिड लोपीस बाहेर आला. पन्नाशीचा, केळी आणि पानवेल करणारा माणूस, हातात कोयता. त्याने विश्रामचं लिहून होऊ दिलं, मग फडकं घेतलं आणि त्याच्यासमोर सगळं पुसून टाकलं.

"का पुसलंत?" विश्रामने विचारलं.

"तुमी कोन?"

"इथेच राहतो. बिल्डिंगमध्ये."

"ते ठाव हाय," प्लासिड म्हणाला आणि फडकं कोनाड्यात ठेवून वाडीत निघून गेला.

विश्राम घरी येऊन शेवंतीपाशी बराच वेळ धुसफुसला. ती म्हणाली, "दुसऱ्याच्या पाटीवर तुम्ही रेघोट्या ओढता, आणि वर राग तुम्हालाच येतो." तो जेवला नाही.

त्याला खरं काय ते सांगितलं इझाबेल टीचरनी. या गावच्या शाळेतून निवृत्त झालेल्या बाई. फळ्याशेजारीच त्यांचं कौलारू घर. एके दिवशी त्यांनी त्याला अंगणात बोलावून खुर्ची दिली.

"तुम्ही माझे विद्यार्थी असता तर शुद्धलेखनाला दहापैकी दहा दिले असते," त्या म्हणाल्या. "पण तो फळा शाळेतला नाही. ज्याने लिहिलं त्याच्या तोंडचं ते आहे. त्याचं तोंड तुम्ही कसं दुरुस्त करणार?"

"मग काय करायचं?"

"वाचा. वर्षभर नुसतं वाचा. कुणाचं काय चाललंय ते कळू दे. मयताची बातमी वर डावीकडे लिहितात, माती होईपर्यंत तिला कुणी हात लावत नाही. भांडणाचं लिहीत नाहीत. आपण पाहिलं नाही ते लिहीत नाहीत. आणि नव्या माणसाने लिहायचं तर जुन्या कुणीतरी त्याच्या बाजूला उभं राहावं लागतं."

"हे कुठे लिहून ठेवलंय?"

"कुठेच नाही," टीचर म्हणाल्या. "लिहिलं असतं तर तुम्ही त्यातल्याही चुका काढल्या असत्या."

तो हसला नाही, पण त्याने ऐकलं. पुढचं दीड वर्ष विश्रामने फळ्यावर एक अक्षर लिहिलं नाही. वाचत मात्र रोज राहिला. हळूहळू नावांना चेहरे आले. कुणाची मुलगी नर्सिंगला गेली, कुणाचा बैल मेला, हे शेवंतीला घरी येऊन सांगायला लागला. शेळी हरवली असली तर येताजाता झुडपांत डोकावायला लागला. एकदा खरंच सापडली, ती त्याने दोरीला धरून घरी पोचवली. खडू संपत आले की छापखान्याजवळून नवा डबा आणून कोनाड्यात ठेवी. कुणी आभार मानले नाहीत, पण रस्त्यात माना हलायला लागल्या. ईस्टरच्या आधी फळ्याला रंग देताना प्लासिडने त्याला शिडी धरायला सांगितली. बोलणं तेवढंच.

१९८१च्या पावसाळ्यात लुसी त्याच्या दारात आली. प्लासिडच्या चुलतभावाची, सेबेस्टियनची बायको. सेबेस्टियन बाहरीनला फिटर होता. लुसीच्या हातात चुरगळलेली तार होती. तिचे डोळे कोरडे होते.

"तुमचा हात चांगला हाय," ती म्हणाली. "माझा हात आज चालत नाय. लिवून द्या."

विश्राम तिच्याबरोबर गिरणीपाशी गेला. पाऊस थांबला होता. त्याने वर डावीकडचा कोपरा कोरडा केला. लुसी एकेक शब्द सांगत गेली आणि तो लिहीत गेला. 'सेबेस्टियन गेला. बॉडी कवा येईल ते माहीत नाय. घरी येवा पन कोनी इचारू नका.' प्रत्येक शब्दाला त्याची बोटं अडत होती, पण त्याने तिचा एकही शब्द बदलला नाही. छापून काढल्यासारखी अक्षरं होती. लिहून झाल्यावर लुसीने ते वाचलं, आणि तेव्हा कुठे ती खाली बसून रडली. प्लासिड मागे येऊन उभा राहिला होता. खडूचा डबा त्याने कोनाड्यात न ठेवता विश्रामच्या हातात दिला.

शवपेटी यायला एकवीस दिवस लागले. एकवीस दिवस तो कोपरा कुणी पुसला नाही. पाऊस आला की कुणीतरी पत्रा आडवा धरी, पुसट झालं की विश्राम पुन्हा गिरवी.

त्यानंतर गाव त्याच्याकडे यायला लागलं. कुणाचा मयत, कुणाचं लग्न, सणाचा कार्यक्रम. १९८४ला छापखान्यात नवी यंत्रं आली आणि खिळे जुळवणाऱ्या सगळ्यांना घरी बसवलं. विश्राम पंचेचाळीस वर्षांचा होता. त्याला दुसरं काही येत नव्हतं. शेवंती शिवणकाम करायला लागली, आणि तो सकाळी नाश्ता करून कामावर जावं तसा फळ्यापाशी जायला लागला. जुनं पुसायचं, ओळी सरळ करायच्या, जागा वाटायची. इमारतीतलं कुणी नवं बिऱ्हाड येऊन काही खरडून गेलं तर ते तो पुसून टाकी. "वर्षभर वाचा," तो त्यांना सांगे. "मग बघू." सांगताना त्याचा आवाज इझाबेल टीचरांसारखा होई, पण त्या खुर्ची देऊन सांगत आणि हा रस्त्यात उभ्याउभ्या सांगे, एवढा फरक शेवंतीच्या लक्षात आला होता. तिने तो त्याला बोलून दाखवला नाही.

१९८६च्या फेब्रुवारीत गावापलीकडे आणखी एका इमारतीचं काम सुरू होतं. तिथला रखवालदार काळूराम, जव्हारकडचा. बायको बुधी त्याच साइटवर घमेली उचलायची. दोघं सिमेंटच्या गोणपाटांच्या झोपडीत राहत. काळूरामला फिट येत असे. शुक्रवारी सकाळी तो वाण्याकडे जातो म्हणून गेला आणि आलाच नाही. शनिवारी बुधी साइटवरच्या गवंड्याला घेऊन फळ्यापाशी आली. गवंडी चौथी शिकलेला. त्याने वाकड्या, मोठ्या अक्षरांत लिहिलं, 'काळूराम कालपासून नाही. निळा शर्ट. फीट येते. दिसला तर बिल्डींगवर सांगा.' बुधीला वाचता येत नव्हतं. तिने त्या अक्षरांवरून एकदा नजर फिरवली आणि दोघं कामावर गेली.

दुपारी विश्राम आला. रविवारी चर्चचा सण होता आणि त्याला सगळा कार्यक्रम लिहायचा होता. फळ्याचा खालचा अर्धा भाग त्या वाकड्या ओळींनी अडवला होता. त्याने त्या वाचल्या. नीट वाचल्या, हे त्याने पुढे स्वतःपासूनही लपवलं नाही. साइटवरचा माणूस, पिऊन पडला असेल कुठेतरी, घरचं भांडण असेल, असं त्याच्या मनात आलं. शिवाय ही माणसं इथे कधी काही वाचायलाही आलेली नव्हती, आणि गावातलं कुणी त्यांच्या बाजूला उभं राहिलेलं नव्हतं. त्याने फडकं ओलं करून ओळी पुसल्या, आणि फळा वाळल्यावर मिस्साच्या वेळा, मिरवणुकीचा रस्ता, बँडवाल्यांची नावं सुबक अक्षरांत लिहून काढली.

सोमवारी सकाळी मिठागराच्या चरात काळूराम सापडला. पालथा, गुडघाभर पाण्यात.

संध्याकाळी गिरणीपाशी माणसं जमली. विश्रामही होता. प्लासिड सांगत होता, शनिवारी तिन्हीसांजेला तो मिठागराच्या बांधावरून येत होता, तेव्हा निळ्या शर्टातला एक माणूस बांधावर बसलेला त्याने पाहिला होता. हाक मारली, तर तो नुसता बघत राहिला. प्लासिडला वाटलं प्यायलाय. "फिटवाला हाय ते मला काय ठाव," तो म्हणाला. "चार वाजता मी फळा वाचूनच वाडीत गेलो होतो. त्यावर नव्हतं."

"लिहिलेलं होतं," मागून गवंडी म्हणाला. त्याच्याबरोबर बुधी होती. "शनिवारी सकाळी मी स्वतः लिहिलेलं. कोणी पुसलं?"

विश्राम माणसांतून वाट काढत समोर आला.

"मी पुसलं," तो म्हणाला.

"तीन-चार ओळी होत्या," गवंडी म्हणाला. "कडेला लिहायच्या होत्या तुम्ही. यांनी वाचलं असतं."

तेव्हा प्लासिड पुढे झाला. विश्रामच्या आणि गवंड्याच्या मधे उभा राहिला. "जागा सणाची होती," तो म्हणाला. "नव्यानं लिवायचं तर कोनाला तरी इचारून लिवायचं. हितं असंच हाय. केळुसकर आमचा मानूस हाय, त्याला काय बोलायचं नाय."

आजूबाजूच्या माना हलल्या. कुणीतरी विश्रामच्या खांद्यावर हात ठेवला. सहा वर्षांत या गावात कुणी त्याला 'आमचा' म्हटलं नव्हतं. ते ऐकावं म्हणून त्याने काय काय केलं होतं, आणि आता ते ऐकताना त्याला तिथून पळून जावंसं वाटलं. बुधी फळ्याकडे बघत होती. अजून सणाचा कार्यक्रम तिथे तसाच होता आणि तिला त्यातलं एक अक्षर कळत नव्हतं.

तो इझाबेल टीचरांकडे गेला. त्या आता अंथरुणाला खिळल्या होत्या. सगळं ऐकून घेऊन त्या म्हणाल्या, "मीही पुसलं असतं, केळुसकर." त्या त्याचं मन हलकं करायला बोलल्या असतील. त्याला ते जड गेलं.

दुसऱ्या दिवशी तो शेवंतीला बरोबर घेऊन झोपडीवर गेला. बुधी बोचकं बांधत होती. गावाकडून तिचा दीर न्यायला आला होता.

"चूक माझी होती," विश्राम म्हणाला. "मी वाचलं होतं आणि पुसलं."

बुधीने गाठ मारली. "आमाला वाटलं, लिवलं म्हंजे कोनी तरी बघंल," ती म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता, निदान त्याला तो ऐकू आला नाही. शेवंतीने आणलेली साडी तिने घेतली आणि दिराच्या हातात दिली. मग दोघं रस्त्याला लागली.

विश्राम फळ्यापाशी जात राहिला, कारण दुसरीकडे जायला त्याला जागा नव्हती. त्याने पुसणं मात्र सोडलं. फळा भरून जाई, ओळींवर ओळी चढत, लोक कुरकुरत, आणि मग प्लासिड येऊन पुसून टाकी. मयताची बातमी लिहायला अजून त्यालाच बोलावत.

पावसाळ्याआधी साइटवर नवा रखवालदार आला, बायको आणि म्हातारी आई घेऊन. विश्राम स्वतः तिथे गेला आणि त्याने त्यांना फळ्याबद्दल सांगितलं. काही अडलं, कुणी आजारी पडलं, काही हरवलं तर लिहा म्हणाला.

"आमाला लिवता येत नाय," रखवालदार म्हणाला.

"मला येऊन सांगा, मी लिहीन. मी बाजूला उभा राहीन."

रखवालदाराने त्याच्या पांढऱ्या सदऱ्याकडे, चपलांकडे पाहिलं. "बरं साहेब," तो म्हणाला.

१९८८ला ती इमारत पुरी झाली आणि ती माणसं दुसऱ्या साइटवर गेली. तोवर दोन पावसाळे झाले होते. मधे त्यांची म्हातारी वारली, तेही विश्रामला ती गेल्यावर आठ दिवसांनी वाण्याकडून कळलं. त्याच्याकडे ती माणसं एकदाही आली नाहीत.