पान लागलं

"बाई, पान लागलं," पहिलीतली रोझी पाय धरून म्हणाली. बाई फळ्यावर लिहीत होत्या. मान न वळवता म्हणाल्या, "मग झटकून टाक."

बाई मुंबईच्या, नव्या. भुईगावच्या त्या शाळेत दोन वर्ग एकट्याच सांभाळायच्या, म्हणून चर्चमधून आम्ही तिघी दर बुधवारी मदतीला जायचो. मी चौथी शिकलेली. शिकवणं मला जमणारं नव्हतं, मी फाटकी पुस्तकं चिकटवत बसायचे. काल नातीने घरात डिंकाची बाटली उघडली आणि त्या वासाने हे सगळं आठवलं.

आमच्याकडे साप चावला असं तोंडाने म्हणत नाहीत, पान लागलं म्हणतात. मी उठून रोझीचा पाय पाहिला. घोट्यावर दोन टिपके होते.

"बाई, हिला चालू देऊ नका, उचला."

"मावशी, पानाने काय होतंय?" बाई हसल्या.

मग मी तो शब्द उच्चारला. "साप चावलाय तिला. रिक्षा बघा."

बाईंनी तिला उचललं आणि रस्त्यापर्यंत धावल्या. त्यांच्या चपला वर्गाच्या दारातच राहिल्या.

तेव्हा मी बाईंना मनातल्या मनात मूर्ख म्हटलं होतं. आता म्हणत नाही. माझ्या धाकट्या भावाला पान लागलं, तेव्हा घरात सगळ्यांना शब्द कळला होता, आणि आम्ही त्याला विष उतरवायला भगताकडे नेलं होतं.

रोझी वाचली. भाऊ वाचला नव्हता.