धायरीच्या भिंतीवरचा रणगाडा

लोक आल्प्सला जातात, नायगरा पाहतात आणि परत आल्यावर प्रवासवर्णन लिहितात. मी विश्रांतवाडीहून धायरीला गेलो. यात हसण्यासारखं काही नाही. पुण्याच्या एका टोकाहून दुसऱ्या टोकाला बस पोचते तेवढ्यात विमान दुबईला उतरतं, हे मी स्वतः ताडून पाहिलंय, दुबईला न जाता.

निमित्त होतं तीन फोटोंचं. माझ्या मुलीच्या सॉफ्टवेअर कंपनीत संदीप नावाचा तरुण आहे. त्याचे आजोबा, म्हणजे आईचे वडील, दुसऱ्या महायुद्धात गेले. मागाहून त्यांची ट्रंक घरी आली, तिच्यात जर्मन रणगाड्यांचे फोटो होते. मी लष्करी वर्कशॉपातून निवृत्त झालो, पदानं कारकून. पण नुसता आवाज ऐकून रणगाड्याची जात, वय आणि ड्रायव्हरचा स्वभाव सांगतो अशी माझी ख्याती आहे. ती मीच पसरवली, पण पसरली खरी.

२००५च्या डिसेंबरातलं आभाळ शिळ्या भातासारखं पांढरट होतं. स्वारगेटला बस बदलली. सिंहगड रस्ता असा खणून ठेवला होता की शत्रूच्या रणगाड्यांनी पुण्यावर चाल केली असती तर तिथूनच माघारी फिरले असते. शेजारच्या गृहस्थांना विचारलं, "अहो, धायरी कधी येईल?"

"धायरी आहे तिथंच आहे," ते खिडकीबाहेर बघत म्हणाले. "आपणच पोचत नाही."

फाट्यावर उतरलो आणि उजवी चप्पल चिखलात गेली. कुठल्याशा इमारतीच्या पायाचं पाणी रस्त्यावर सोडलं होतं. जिथं ज्वारी असायची तिथं आता इटालियन नावांच्या सोसायट्यांचे फलक उभे होते. चप्पल काढायला मला क्रेन लागली असती, पण संदीप मोटरसायकल घेऊन आला आणि त्यानं ती काठीनं उपसली.

तो मला घरी नेईना. आधी टपरीवर चहा पाजला आणि मग हळूच सांगितलं. फोटो त्यानं स्कॅन करून इंटरनेटवर टाकले होते. कोणा जर्मन हौशी माणसाचं उत्तर आलं, की तिसऱ्या फोटोत रणगाड्याला टेकून उभा आहे तो जर्मनच सैनिक आहे. आणि संदीपच्या आईनं जन्मापासून त्याच फोटोला वडील म्हणून हार घातला होता. आजोबांचा दुसरा फोटोच नव्हता. जुनं घर पाडून तिथं इमारत होणार होती, पुढच्या आठवड्यात मंडळी भाड्याच्या फ्लॅटमध्ये जाणार होती, आणि आईचं म्हणणं, तिथला पहिला खिळा आबांच्या फोटोसाठी ठोकायचा.

"काका, तुम्हीच सांगा तिला," तो म्हणाला. "माझ्यानं होत नाही. तुम्ही एक्स्पर्ट आहात, तुमचं ऐकेल."

आयुष्यात पहिल्यांदा मला कोणी खरं बोलायला बोलावलं होतं. 

घरात निम्मं सामान पोत्यांत भरलेलं. भिंतीवर बुद्धाची तसबीर आणि शेजारी तो फोटो, ताज्या झेंडूच्या हारात. संदीपची आई, गजराआक्का, साठी ओलांडलेल्या. त्यांनी आधी माडगं (हुलग्याच्या पिठाची गरम, पातळ पेज) पुढ्यात ठेवलं आणि मग फोटो उतरवून पदरानं पुसून माझ्या हातात दिला.

एका नजरेत कळलं. रणगाडा कसला, पत्र्याचा डबा तो. तोफ नाही, नुसत्या दोन मशिनगन. जर्मनांचे अगदी सुरुवातीचे रणगाडे असे होते. वर मोठा पांढरा क्रॉस, आणि असा क्रॉस त्यांनी पोलंडवर चाल केली तेव्हा रंगवला होता. मागं पांढऱ्या खोडांची झाडं. आपली पलटण समुद्रापार जर्मनांसमोर जायच्या कितीतरी आधीची ही गोष्ट. पुढं आफ्रिकेच्या वाळवंटात कोणा मेलेल्या किंवा पकडलेल्या जर्मनाच्या खिशातून हे फोटो आपल्या माणसाच्या हाती लागले असणार. रणगाड्याला टेकलेल्या माणसाचा काळा गणवेश, कपाळावर गॉगल, आणि तोंड तेला-काजळीनं इतकं माखलेलं की तो बर्लिनचा की धायरीचा, कोण सांगणार?

"सायेब, ह्ये गाव कंचं?" आक्कांनी विचारलं.

"पोलंड."

"आबा तितं गेलते?"

माडग्यात चमचा फिरवत राहिलो. एरवी मी तिथल्या तिथं आबांना पोलंडचा सुभेदार केला असता. आक्कांनी संदीपला दूध आणायला पाठवलं.

"तुमच्या तोंडावर दिसतंय," त्या म्हणाल्या. "बयनं (आईनं) जाताना सांगितलंय मला."

मग सांगत बसल्या. बयचं लग्न लहानपणीच झालं. नवरा रजेवर आला तेव्हा काही आठवडे काय तो संसार. दिवसा घरात वडीलधारी, पदर हनुवटीपर्यंत. रात्री दिवा नसे. तो परत गेला, बय बाळंतपणाला धायरीला आली, आणि तिकडं तापाच्या साथीत सासरचं कोणी उरलं नाही. नवरा गेल्याची तार आली, मग ट्रंक आली. धायरीत जावयाला लोकांनी पाहिलं होतं ते लग्नात, मुंडावळ्यांआडून. बयच्या वडिलांनी फोटो तिच्यासमोर धरला आणि विचारलं, जावईबापू हेच ना? दारात सारी आळी जमलेली. मांडीवर पोर. आपण नवऱ्याचं तोंड कधी धड पाहिलं नाही, असं सगळ्यांदेखत कसं म्हणणार? तिनं मान हलवली.

"मंग जलमभर त्यालाच हार घातला," आक्का म्हणाल्या. "मला म्हनाली, असतील बी तेच, गजरे. नसतील बी."

"तरी तुम्ही फोटो काढला नाहीत?"

"काढून तितं काय लावू?" त्यांनी फोटो माझ्या हातातून घेतला. "संदीपला कळू देऊ नका. त्येचा बाप लवकर गेला. आजा तरी भितीवर हाय."

दूध आलं. आक्कांनी पुन्हा चहा केला. आम्ही तिघं नव्या फ्लॅटच्या नळाला पाणी किती वेळ येतं यावर बोललो, आणि खडकवासल्याच्या धरणाची मी अशी काही वाट लावली की आक्का हसल्या.

फाट्यावर सोडताना संदीपनं विचारलंच, "सांगितलंत?"

"काय सांगायचं? ते तुझे आजोबाच आहेत." आणि मी सुटलो. आपल्या पलटणीनं वाळवंटात तो रणगाडा कसा पकडला, आजोबा सगळ्यांत आधी त्यावर कसे चढले, जर्मन कप्तानानं त्यांना काळा कोट कसा काढून दिला, सगळं सांगितलं.

"आणि मागची झाडं?"

"वाळवंटातही झाडं असतात."

त्यानं गाडी बंद केली. माझ्याकडं वळला. रोज कॉम्प्युटरवर जग उघडून बसणारा पोरगा तो. "आईला बरं वाटलं ना?" एवढंच त्यानं विचारलं. मी हो म्हणालो. "मग फोटो मोठा करून घेतो," तो म्हणाला आणि गाडीला किक मारली.

परतीच्या बसमध्ये उभं राहायला जागा मिळाली. संध्याकाळ उतरली होती. जर्मनीत कुठंतरी त्या काजळीच्या माणसाचे लोक असतील, त्यांना त्याचा हा फोटो कधी मिळालाच नसेल, असं मनात आलं. पण त्याला निदान पुण्यात रोज ताजी फुलं मिळाली. आक्कांचे आबा मात्र कुठल्याच भिंतीवर नाहीत. त्यांना जवळून ओळखणारी एकच बाई होती, आणि तिनंही त्यांना धड पाहिलं नव्हतं. संगम पुलापासून घरापर्यंत मी त्यांना डोळ्यांसमोर आणायचा प्रयत्न केला. पागोटं बांधलं, मिशा लावल्या, गणवेश चढवला. चेहरा काही जमला नाही.